उंदीरमामाचा दात

संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या, सेबरटूथ या लांब सुळ्यांच्या नामशेष जनावराच्या कवटीकडे बोट दाखवून मी नातवाला, कबीरला म्हटलं, "बघ, याचे सुळे वाढत वाढत इतके लांब झाले, की शेवटी त्याला घासच घेता येईना. उपाशी मेले सगळे. म्हणून म्हणतात, अति तेथे माती." कबीर सात वर्षांचा. घरात मराठी बोलतो, पण म्हणी अजून त्याच्या गावीही नाहीत. त्याने माझं वाक्य जमेल तसं इंग्रजीत करून शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेविकेला ऐकवलं. माझ्याच वयाच्या असतील त्या बाई. पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या हसल्या नाहीत. टेबलावरचा जबड्याचा साचा त्यांनी उचलला आणि खालचा जबडा हलकेच मागे नेला. मला वाटलं, आता थांबतील. जबडा उघडतच गेला. सुळ्यांची टोकं आणि खालचे दात यांच्यामध्ये कबीरची मूठ आरामात मावली, वर जागा उरली. "त्यांचं छान चाललं होतं," त्या कबीरला म्हणाल्या, "फार फार वर्षं."

एवढंच घडलं. कुणी मला खोटं पाडलं नाही, कुणी शिकवायला आलं नाही. तरी परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होते आणि रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले तेव्हाही तेच डोक्यात होतं. चुकीचं बोलले याचं एवढं काही नव्हतं. माणूस चुकतो. सलत होतं ते वेगळंच.

ते वाक्य माझं नव्हतं. अण्णांचं होतं, माझ्या वडिलांचं.

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी 2024च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसला गेले होते. बाळाची अंघोळ, मालिश, आईचा शेक, डिंकाचे लाडू यांतून दुपारी दोन तास मोकळे मिळत आणि थोरल्याला कुठेतरी फिरवून आणायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं. शहरातल्या ला ब्रेआचं, तिथल्या डांबराच्या तळ्यांचं आणि संग्रहालयाचं, नाव मी ऐकून होते, पण गाडीचं दार उघडल्याबरोबर जो वास आला त्याची तयारी नव्हती. विल्शर बुलेव्हार्डवर दोन्ही बाजूंना उंच इमारती, सारखी धावणारी वाहनं, आणि हवेत चक्क गरम डांबर! माझ्या लहानपणी आमच्या वाईजवळच्या गावात रस्त्याचं काम निघालं की पिंपाखाली लाकडं पेटवून डांबर वितळवत. आम्ही पोरं त्या वासाला भुलून जवळ जात असू, चपला तिथेच चिकटत आणि आई रॉकेलच्या बोळ्याने तळपाय घासघासून काढी, वर खोबरेल लावी. तो रॉकेलचा, खोबरेलाचा आणि डांबराचा एकत्र वास पन्नासेक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, परत आला. ब्रेआ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच डांबर. बागेतल्या हिरवळीतही ते मधूनच वर येतं, पोळीवर काकवी पसरावी तसं काळंभोर, चकाकणारं. कुणाचा पाय पडू नये म्हणून तिथे नारिंगी शंकू ठेवतात. मोठ्या तळ्यात पाण्याखालून वायूचे बुडबुडे फुटत असतात, एखादा ताटाएवढा मोठा. तळ्यात रुतलेल्या मॅमथचा पुतळा आहे आणि काठावर त्याचं पिल्लू सोंड उचलून उभं. कबीरला पुढे जायची घाई होती. माझा पाय त्या पिल्लापाशी जरा थांबला.

गेली पन्नास हजार वर्षं हे असंच चाललंय. डांबराचा थर कुठे कुठे टीचभरच असतो. वर धूळ, पाला, पावसाचं पाणी साचतं आणि जमीन जमिनीसारखीच दिसते. एखादा बायसन, म्हणजे तिकडचा गवा, किंवा घोडा त्यात पाय टाकतो आणि निघत नाही. तो ओरडतो. ती हाक ऐकून लांडगे येतात, सेबरटूथ येतात, वरून गिधाडं उतरतात, आणि तेही अडकतात. म्हणून जंगलात जे प्रमाण असतं ते इथे उलटं झालंय. सापडलेल्या सस्तन प्राण्यांत दहातले नऊ मांसाहारी. लांडगे चार हजारांहून जास्त, आणि त्या खालोखाल स्मायलोडॉन, म्हणजे ज्याला आपण सेबरटूथ म्हणून ओळखतो ते जनावर, दोन हजारांहून जास्त. लांडग्यांच्या 404 कवट्या एका भिंतीवर ओळीने मांडून मागून पिवळसर उजेड सोडलाय. सगळ्या हाडांना डांबर मुरून जुन्या सागवानी दाराचा रंग आलाय. हात लावायची परवानगी असती तर ती गुळगुळीत, किंचित तेलकट लागली असती असं सारखं वाटत होतं.

अण्णा शास्त्राचे मास्तर. पाचवी ते दहावी. फळ्यावर रंगीत खडूने प्राणी काढण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे वर्गात त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी 'अण्णा', ही कसरत मला अजून आठवते. उत्क्रांतीचा धडा आला की ते एक वाघ काढत. अंगावर पिवळा खडू आडवा फिरवलेला, आणि पांढऱ्या खडूने दोन लांबलचक सुळे, हनुवटीच्याही खाली आलेले. "खड्गदंती वाघ," ते म्हणत. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "सुळे वाढले, वाढले, आणि एक दिवस तोंडात घास जाईना. काय झालं?" सगळा वर्ग एका सुरात: "अति तेथे माती!" त्या एका म्हणीत शास्त्र, संस्कार आणि इशारा तिन्ही मावत. तेव्हाच्या पुष्कळ पुस्तकांत, इंग्रजीतसुद्धा, हेच सांगितलेलं असे. अण्णांनी ते स्वतःच्या मनाने रचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त त्याला मराठी म्हण जोडली, आणि ती इतकी चपखल बसली की कुणाला शंकाच आली नाही. मलाही बासष्टाव्या वर्षापर्यंत आली नाही.

कबीरच्या तोंडात त्या दिवसांत एक वेगळंच प्रकरण सुरू होतं. खालचा दुधाचा दात पडायचं नाव घेत नव्हता आणि त्याच्या मागून नवा दात डोकं वर काढून बसला होता. एकामागे एक, दोन रांगा. डॉक्टर म्हणाल्या, हलतोय, थोडं थांबू. मुलगी काळजीत, तर कबीर आरशात जीभ लावून लावून दोन्ही दात मोजतोय. आणि त्या संग्रहालयातल्या एका पिल्लाच्या जबड्यात मला नेमकं तेच दिसलं. दुधाचा सुळा जागेवर, आणि त्याला खेटून नवा सुळा खाली उतरत असलेला.

मग मी रात्री-बेरात्री, बाळ झोपलं की, वाचत सुटले. स्मायलोडॉनचा कायमचा सुळा महिन्याला साधारण 6 मिलिमीटर या वेगाने उतरत असे. मुळासकट जवळजवळ वीतभर लांब. तो पुरता यायला जनावराचं वय तीन वर्षांच्या पुढे जाई. आणि मधले सुमारे अकरा महिने दुधाचा सुळा पडत नसे. तो शेजारी उभा राही. हा सुळा दिसायला भयंकर, पण बाजूने चपटा, आमच्या विळीच्या पात्यासारखा. पुढून मागे कितीही जोर लावा, टिकेल. आडवा पीळ बसला तर कट्‌कन मोडेल. शिकार शिकायच्या वयात, जेव्हा चुका होणारच, नेमका तेव्हा दुधाचा दात त्या कोवळ्या पात्याला बाजूने टेकू देत असे. कॅलिफोर्नियातल्याच एका संशोधकाने अलीकडे याचं यांत्रिक गणित मांडलंय, आणि ते वाचल्यापासून त्या टोकदार सुळ्यापेक्षा त्याच्या बाजूचा तो बोथट, जाण्याच्या वाटेवरचा छोटा दातच मला जास्त दिसत राहिला.

त्यांच्या शिकारीची रीतही सुळ्याने घालून दिलेली. सिंहाचा जबडा 65-70 अंशांत उघडतो, स्मायलोडॉनचा 120च्या आसपास. पण चाव्यात सिंहाइतका जोर नाही. जोर सगळा पुढच्या पायांत आणि मानेत. अस्वलासारखे दणकट पुढचे पाय, शेपूट अगदी आखूड, पाठलागाचं अंगच नव्हे. दबा धरायचा, झेपावायचं, गव्याला खाली पाडून हलूच द्यायचं नाही, आणि मग मानेच्या ताकदीने सुळे गळ्यात उतरवायचे. जनावर तडफडलं तर दात जाणार. म्हणून आधी मिठी, मग दात. स्पेनमध्ये माद्रिदजवळ एक टेकडी आहे, सेरो दे लोस बातायोनेस. तिथे मातीच्या खाणीचं काम चालू असताना 1991 साली हाडांचा साठा लागला. साधारण 90 लाख वर्षांपूर्वीची ती एक नैसर्गिक विहीर. गुळगुळीत चिकणमातीच्या भिंती, तळाशी पाणी किंवा मेलेलं जनावर. आत उतरता येई, चढून येता येत नसे. ला ब्रेआचीच मोठी बहीण म्हणायची. तिच्यात बिबळ्याएवढे आणि वाघाएवढे असे दोन जातींचे सेबरटूथ सापडले, आणि त्या धाकट्याकडे पाहिलं तर सुळे अजून बेताचे, पण पुढचे पाय आणि अंगठ्याची नखी आधीच जाडजूड झालेली. म्हणजे दात वाढत सुटला आणि जनावर त्याच्यामागे फरफटत गेलं, असं झालंच नाही. हात आधी तयार झाला. दात त्याच्या भरवशावर वाढला.

आमच्याकडे मांजरीला वाघाची मावशी म्हणतात. कबीरने एकदा विचारलं, मग हा वाघाचा कोण? त्याला पाहुण्यांची ओळख करून देताना आम्ही नेहमी नातं सांगतो ना, हे आत्या, हे काका, त्यातलाच प्रश्न. मी सांगायला गेले आणि अडकले. वाघ, सिंह, बिबळ्या आणि आपली ताटाशी घोटाळणारी मनी, ही सगळी आज एका घरात आहेत. स्मायलोडॉनची शाखा त्या घरातून सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. वाघाला मनी जितकी जवळ, तितका हा खड्गदंती 'वाघ' जवळ नाही. मावशी सख्खी आणि हा फार लांबचा भाऊबंद, सुतक-सोयर कधीच तुटलेलं. अण्णांच्या फळ्यावरचे ते पिवळे पट्टे मी तेव्हा मनातल्या मनात पुसले.

पण गोत केवढं पसरलेलं! आशियात, युरोपात, आफ्रिकेत, मग बेरिंगच्या वाटेने उत्तर अमेरिकेत. आपल्याकडे शिवालिकच्या टेकड्यांत 1830च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचा इंजिनिअर प्रॉबी कॉटली हे दोघे हाडं गोळा करत हिंडत होते. त्या कामासाठी 1837 साली दोघांना लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचं वोलास्टन पदक मिळालं. त्या टेकड्यांतल्या एका सेबरटूथला पुढे फाल्कनरचंच नाव लागलं, मेगँटेरिऑन फाल्कनेरी. स्मायलोडॉनचे पूर्वज याच मेगँटेरिऑनच्या कुळातले मानतात. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये काचेआड उभ्या असलेल्या त्या जनावराचे चुलते-मालते एकेकाळी हरिद्वारच्या अलीकडे-पलीकडे फिरत होते. आमच्या वाईच्या काळ्या कातळात असलं काही मिळायचं नाही, तो लाव्हा या सगळ्या मंडळींच्या कितीतरी आधीचा. पण शिवालिक म्हटल्यावर मला उगीचच माहेरचं माणूस परदेशात भेटल्यासारखं झालं. जॉर्जिया देशातल्या द्मानिसीला 17-18 लाख वर्षांपूर्वीची माणसाची हाडं सापडली, त्यांच्या शेजारीही दोन जातींचे सेबरटूथ आहेत. माणूस आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा हे शेजारी होते.

सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी पट्टी जोडली गेली आणि पुढे स्मायलोडॉन दक्षिणेत उतरला. तिथे तो आणखी थोराड झाला, 400 किलोपर्यंत, सुळा 28 सेंटिमीटर, सव्वा वीत. स्मायलोडॉनच्या जातींत तोच सगळ्यांत आधी शास्त्राला माहीत झाला. ब्राझीलमधल्या लागोआ सांताच्या गुहांत पीटर विल्हेल्म लुंड नावाचा डॅनिश माणूस वर्षानुवर्षं कंदिलाच्या उजेडात माती चाळत होता. 1839 साली हाती थोडेच दात होते, तेव्हा त्याने ते तरसाचे म्हणून नोंदले. आणखी हाडं मिळाली, आणि 1842 साली त्यानेच नवं नाव दिलं, स्मायलोडॉन, सुरीसारख्या दाताचा. लुंड परत मायदेशी गेला नाही. लागोआ सांतातच राहिला आणि तिथेच 1880 साली वारला. त्याच्याही आधी पॅरिसच्या क्युव्हिएने, ज्याला एका हाडावरून अख्खं जनावर ओळखता येतं अशी ख्याती होती त्याने, इटलीत सापडलेला असला सुळा अस्वलाचा म्हणून सांगितला होता.

आणि दक्षिण अमेरिकेत या मांजरांच्या आधीच एक सुळेवाला नांदून गेला होता, जो मांजर नव्हताच. थायलॅकोस्मायलस. अर्जेंटिनात सापडला. कांगारूंच्या जवळच्या कुळातला. वाघाशी त्याचं नातं माझ्यातुमच्याशी असेल तितकंच लांबचं. तरी तेच लांब सुळे, त्याच बाकाचे. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, तसा हा रक्ताचा काही नसलेला पण तोंडावळ्याने सख्खा. त्याच्या सुळ्यांची मुळं कवटीत डोळ्यांच्या वरून कमानीसारखी मागे गेलेली, आणि सुळे जन्मभर वाढत राहणारे. हे वाचलं आणि मी पलंगावर उठून बसले. जन्मभर वाढणारे दात म्हणजे उंदराचे! दुधाचा दात पडला की आम्ही तो बिळाशी टाकून म्हणत असू, उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे. आजीला कुणी प्राणिशास्त्र शिकवलं नव्हतं, पण ज्याचा दात कधी थांबत नाही त्याच्याकडेच मागायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उत्तर अमेरिकेत त्याहूनही जुने, साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वीचे निम्रॅव्हिड म्हणून आणखी वेगळ्या घराण्याचे सुळेवाले होऊन गेले, तेही खऱ्या अर्थाने मांजरं नव्हेत. एक संपला की काही काळाने, दुसऱ्या खंडात, दुसऱ्याच कुळात, पुन्हा हाच दात. मधली रिकामी वर्षं वगळली तरी हिशेब कोट्यवधींत जातो. याला 'अति' कसं म्हणायचं?

बाळ तीन आठवड्यांचं झालं त्या सुमारास मुलीने फोनवर एक फोटो दाखवला आणि आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. सैबेरियात याकुतियामध्ये बाद्यारिखा नदीच्या काठी 2020 साली बर्फात एक पिल्लू सापडलं होतं, त्याचं वर्णन नुकतंच प्रसिद्ध झालं होतं. होमोथेरियमचं, सेबरटूथांच्याच एका दुसऱ्या शाखेचं. 35 हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं, आणि वय अवघं तीन आठवडे. हाडं नव्हेत, पिल्लू. गडद तपकिरी मऊ लव, बारके कान, जाड मान, रुंद गोल पंजे, नखं जागच्या जागी. सिंहाच्या त्याच वयाच्या छाव्यापेक्षा तोंड मोठं. डोकं आणि पुढचं अंग तेवढं उरलेलं. सुळ्यांचा अजून पत्ताच नाही. मुलीने फोन उपडा ठेवला आणि पाळण्यातल्या बाळाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मग ते हाड. ला ब्रेआच्या जुन्या खोदकामातलं एका स्मायलोडॉनचं कटिबंधाचं हाड, उजव्या खुब्याची वाटी बिघडलेली. कित्येक वर्षं समजूत होती की मार बसला असेल किंवा जखम चिघळली असेल. सीटी स्कॅन केल्यावर 2021 साली जाहीर झालं की हे जन्मापासूनचं होतं, मोठ्या जातीच्या कुत्र्यांत होतं तसं. खुबा वाटीत नीट बसलाच नव्हता कधी. ते जनावर जन्मभर लंगडत होतं. आणि तरी ते पुरतं वाढून मोठं झालं होतं. झेप घेणं, गव्याला मिठीत दाबणं त्याला कसं जमणार? संशोधकांचं म्हणणं असं, की ते कळपात राहत असणार आणि इतरांच्या शिकारीवर पोट भरत असणार. यावर वाद आहेत, सगळ्यांना हे पटत नाही. मला पटलं. मला पटावंसं वाटलं, असं म्हणते, कारण अण्णांचा खुबा.

दोन वर्षांपूर्वी अण्णा न्हाणीघरात पडले. सळई घातली, वॉकर आला, आणि सहा महिन्यांत कवळीही बसेनाशी झाली. आई आता ऐंशीची. ती त्यांच्या ताटातली भाकरी आमटीत कुस्करते. आधी कडा काढते, पापुद्रा वेगळा करते, मग बोटांनी दाबत दाबत सगळं एकजीव करते, आणि एक घास स्वतःच्या तोंडात घालून बघते, गरम नाही ना, कठीण नाही ना. मी ते रोज पाहिलंय आणि कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या लंगड्या जनावराला कुणी घास वेगळा काढून दिला नसेल. पण शिकारीपाशी ते उशिरा, पाय ओढत पोहोचलं, तेव्हा कुणी त्याला हुसकावलं नाही, एवढं तरी झालं असेल.

अण्णांना सांगायचं की नाही, यावर माझे आठ-दहा दिवस गेले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसाला त्याचा फळा पुसून दाखवायची काय गरज? पण त्यांनीच शिकवलेलं, चुकीचं गणित वहीत ठेवायचं नाही. शेवटी एका सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, व्हिडिओवर सगळं सांगितलं. माद्रिदची विहीर, सुळ्याचा टेकू, थायलॅकोस्मायलस. ते ऐकत होते. मग म्हणाले, "किती वर्षं म्हणालीस एकूण?" मी आकडा सांगितला. ते गप्प. "म्हणजे मी तीस वर्षं पोरांना चुकीचं सांगितलं." मी घाईघाईने क्युव्हिएचं अस्वल आणि लुंडचं तरस पुढे केलं. "लुंडनं नंतर स्वतः दुरुस्त केलं ना पण?" ते म्हणाले. यावर मला काही बोलता आलं नाही. पडद्याच्या कडेला आईचा हात आला आणि त्यांच्या खांद्यावरची शाल वर ओढून गेला. मी फोन ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात अण्णा पुढे झुकले. चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की नुसतं कपाळ दिसायला लागलं. "मग तो दुधाचा सुळा अकरा महिने टिकत होता, तर त्याचं मूळ विरघळत कधी होतं? आधी विरघळलं तर टेकू कसला?" हा त्यांचा वर्गातला आवाज होता. मी म्हटलं, बघून सांगते.

मग हे सेबरटूथ नाहीसे का झाले, हा प्रश्न उरतोच. ला ब्रेआच्या हाडांवरून दिसतं, की तिथला स्मायलोडॉन साधारण 13 हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. हवा तापत, कोरडी होत गेली होती, माणूस येऊन पोहोचला होता, आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच एल्सिनोर तळ्याच्या गाळात त्याच सुमाराला कोळशाचे कण एकाएकी वाढलेले सापडतात. मोठे वणवे. मोठी जनावरं संपली की मोठ्या जनावरांवर जगणाऱ्यांचं काय उरणार? यात सुळ्यांच्या लांबीचा काही दोष नाही. त्याच डांबरात सापडणारा कायोटी, लांडग्याचा हडकुळा धाकटा भाऊ, तो मात्र आजही मुलीच्या गल्लीतून तिन्हीसांजेला कचऱ्याचे डबे हुंगत जातो. हे मी वाचलं डिसेंबरात. 7 जानेवारीला सोसाट्याचा वारा सुटला आणि शहराच्या दोन्ही अंगांना डोंगर पेटले. आमचं घर वाटेत नव्हतं, पण तीन दिवस सूर्य तांबडा दिसत होता, दारांच्या फटींत आम्ही ओले टॉवेल कोंबले होते आणि सकाळी गाडीच्या काचेवर राखेचा मऊ थर असे. कबीरने त्यावर बोटाने दोन लांब सुळे काढले. मी ते पुसले नाहीत, वाऱ्यानेच गेले.

त्याच आठवड्यात, घरात कोंडून बसलेले असताना, त्याचा दात पडला. सफरचंद खाताना. उशीखाली ठेवायचं वगैरे त्याच्या वर्गातल्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या, पण तो माझ्याकडे आला. "आजी, आपल्या घरात बीळ नाहीये. तुझ्या गावाला आहे ना?" काड्यापेटीत कापूस घालून तो दात मी फेब्रुवारीत वाईला आणला.

अण्णांनी आधी भिंग मागितलं. खिडकीशी खुर्ची ओढायला लावली. चिमटीत धरून त्यांनी तो दात उजेडात फिरवला, नखाने कडेवरून धार पाहिली, मग उलटा केला. मूळ एका बाजूने झिजून तिरकं झालं होतं, दुसरी बाजू अजून शाबूत. "हे बघ," ते म्हणाले, "एकीकडून विरघळतंय, दुसरीकडून धरून आहे." बराच वेळ ते बघत राहिले. मग वॉकर पुढे केला आणि उठले. माजघरातून मागच्या पडवीपर्यंत आम्हाला पाच मिनिटं लागली. धान्याच्या कणगीमागे कोपऱ्यात बीळ होतं, अजून तिथेच. त्यांना वाकता येत नाही. मी खाली बसले आणि काड्यापेटी उघडली.

"नुसता टाकू नकोस," अण्णा वरून म्हणाले. "म्हण की."

मी सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीला कवळी नसलेल्या तोंडाने तेही म्हणायला लागले.